पाच फादर आणि एक हुकूम

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्राला उशीर झाला, कारण आम्ही इथे बंड केलंय. नवे बिशप आले आणि पाठोपाठ हुकूम आला: डोंगरातल्या पाच वस्त्यांवर एकेकटे राहणाऱ्या आम्हा फादरांनी शहरात त्यांच्या बंगल्यावर राहायचं, वस्तीवर फक्त रविवारी मिसेच्या प्रार्थनेपुरतं जायचं. माणसं काय रविवार बघून आजारी पडतात? आम्ही पाचही जणांनी 'येणार नाही' म्हणून सह्या ठोकल्या. मजकूर अर्थात माझा. आता बिशप म्हणतात, ऐकलं नाही तर मला दुसरीकडे धाडतील. वस्ती सोडायचा नुसता विचारही सहन होत नाही, पण माघार घेणार नाही.

लोभ आहेच, ओरडा बेताने असावा.
तुझा धाकटा

१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ओरडा पुरेपूर मिळेल. लहानपणी बाबांनी विहिरीवर जायला बंदी केली, तेव्हा रुसून जेवला नव्हतास. बंदी का, हे मात्र विचारलं नाहीस. आताही तेच. बिशप काय म्हणाले, तू काय सुनावलंस, सगळं लिहिलंस. त्यांना असं का वाटतं, यावर अक्षर नाही. जा, समोर बस, विचार आणि गप्प राहून ऐक. तुझ्या भाच्याला दात येतायत, दिसेल त्याला चावतो. मामावर गेलाय.

प्रकृतीला जप, जिभेला त्याहून.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

गेलो, विचारलं. बिशपांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "माझ्या जोडीचा फादर एका वस्तीवर एकटाच असताना तापाने गेला. आम्हाला कळलं तेव्हा त्याला जाऊन चार दिवस झाले होते. तुमच्यातल्या कुणाला मी तसं पुरणार नाही."

शेवटी ठरलं, की वस्त्या सुटणार नाहीत, पण कुणी एकटं राहायचं नाही. दोघांनी मिळून राहायचं आणि वस्त्या फिरायच्या. पाचांच्या जोड्या लावल्या तर उरलो मी. भांडकुदळाला कोण घेणार? बिशप म्हणाले, मी येतो. आता माझ्या खोलीत त्यांची खाट आहे आणि छप्पर हलवणारं घोरणं.

काल पलीकडच्या डोंगरावर एका आजारी म्हातारीकडे गेलो. बिशप सवयीने पुढे चालत होते. परतताना त्यांनी मागे वळून विचारलं, इथवर तुम्ही एकटेच येत होतात? मी हो म्हणालो. ते थांबले, मी गाठेपर्यंत वाट पाहिली आणि घरापर्यंत माझ्या बरोबरीने चालले.

भाच्याला पापा. तुझा ओरडा असाच येत राहो.
तुझा धाकटा