ट्यूबमधला गंज

१३ जुलै, रविवार
वर्षावासाचा पहिला रविवार. ठराव: तेरा रविवार, तेरा व्याख्यानं, सगळी मीच देणार. विहार समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव म्हणाले, सर, लोकं थकतीन. मी म्हणालो, समाज झोपेत थकतो, ऐकून नाही.

आजचा विषय: रंगाची गुलामी. जोरदार झाला. एक वस्तू हातात असली की सभा पकडीत राहते, म्हणून निघताना आरशाखालच्या फळीवरून क्रीमची एक ट्यूब खिशात टाकली. त्वचेच्या रंगाची, उन्हात लावायची. मंचावरून तिच्यावरची सगळी नावं मोठ्यानं वाचली. मोजली, एकतीस भरली. 'आयर्न ऑक्साइड' आलं तिथं थांबलो. लोखंड. ऑक्साइड. म्हणजे काय? मीच गरजलो: गंज! आमच्या लेकीबाळींच्या तोंडाला हे गंज फासतात!

टाळ्या. कोणीतरी व्हिडिओ काढला.

ट्यूब कोणाची, हे कोणी विचारलं नाही. ट्यूबवाली, माझीच बायको कामिनी, तिसऱ्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर ट्यूब परत फळीवर ठेवली. नेमकी होती तिथंच.

१४ जुलै
कामिनी अंगणवाडीत क्रीम न लावता गेली. दुपारभर गृहभेटी, डोक्यावर ऊन. काहून नाही लावली, विचारलं. म्हणाली, गंज लावून पोट्ट्यायसमोर कशी जाऊ? रागात नव्हे. रागात म्हणाली असती तर मला मुद्दा मांडता आला असता.

ट्यूब तिला भंडाऱ्याच्या डॉक्टर मॅडमनी दिली होती, गालांवरच्या वांगाच्या डागांसाठी. फेब्रुवारीत मीच गाडीवर घेऊन गेलो होतो. मॅडम काय म्हणाल्या ते माहीत नाही. मी बाहेर अग्रलेख वाचत होतो.

१६ जुलै
प्रतिक्षाचा नागपूरहून फोन. बी. फार्म.चं तिसरं वर्ष. म्हणाली, बाबा, तुमचा व्हिडिओ आमच्या हॉस्टेलमध्ये फिरून राहिला. पोरी विचारतात, हे तुझेच बाबा का? मी म्हणालो, अभिमानानं हो सांग. तर म्हणते, मी नाही म्हटलं.

मग तिनं तास घेतला. आयर्न ऑक्साइड म्हणजे खिळ्यावरचा गंज खरवडून भरलेला नसते. कारखान्यात शुद्ध करून बनवलेला रंग असते, गोळ्यांच्या वेष्टनातसुद्धा असते. झिंक ऑक्साइड ऊन अडवते. पण वांग नुसत्या उन्हानं नाही, डोळ्याले दिसते त्या उजेडानंही वाढते, आणि तो अडवायले हाच रंग लागते. आईच्या क्रीममधला रंग शोभेसाठी नाही, बाबा. तुमी कोणतं पुस्तक वाचून बोलले?

घरात चार हजार पुस्तकं आहेत. हे कशातच नाही. तिला सांगितलं, माझा मुद्दा रसायनशास्त्रीय नव्हता, समाजशास्त्रीय होता.

ठराव: येत्या रविवारी मंचावरून चूक दुरुस्त करायची. कामिनीला आजच सांगायचं की ट्यूब लाव.

१७ जुलै
सांगितलं नाही. ती घाईत होती.

२० जुलै, रविवार
दुरुस्ती झाली नाही. आजचा विषय आधीच फळ्यावर लिहिलेला होता: 'तपासा, मग माना'. दीड तास बोललो.

सुरुवातीला पंचशील मीच सांगतो, लोक मागून म्हणतात. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, खोकला आला. कामिनीनं ते मोठ्यानं म्हटलं. की मला तसं वाटलं?

२ ऑगस्ट
कामिनीचं वांग काळं झालंय. काल फोटो काढायचा होता तर म्हणाली, मले बाजूनं घ्या. ती कधी असं म्हणत नाही.

आज सानगडीला व्याख्यान होतं. परतताना बाजारात क्रीमची एक डबी दिसली. झाकणावर पान, फूल आणि 'वनौषधी'. आतली क्रीम गुलाबीसर. मी डोळे झाकून घेणारा माणूस नाही. डबी उलटी केली, बाजूंनी फिरवली, चष्मा लावून तळ पाहिला. एकही नाव नाही. ना ऑक्साइड, ना झिंक. एकतीस विरुद्ध शून्य. तपासून मगच घेतली.

दोन घेतल्या. एक कामिनीला. माफी मागण्यापेक्षा हे अधिक कृतिशील. दुसरी मला, केवळ प्रयोग म्हणून. समारोपाच्या फ्लेक्ससाठी फोटोही द्यायचाच आहे.

कामिनीनं विचारलं, यात काय आहे? म्हणालो, काहीच नाही, तेच तर! तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, तुमी म्हणता त लावतो.

तुमी म्हणता त. हे वाक्य वहीत उगाच उतरवलं.

१३ ऑगस्ट
प्रयोग यशस्वी! कामिनीचे डाग जवळजवळ गेले. आरशासमोर गुणगुणत होती. मीही बराच उजळलो. पुंडलिकराव म्हणाले, सर, तुमी त चमकून राहिले, काय लावता जी? म्हणालो, विचारांचं तेज.

नोंद: हे खोटं होतं. पण शब्दशः नव्हे.

शेजारच्या लीलाबाईंनी कामिनीलाही विचारलं. ती म्हणाली, आधी मी पुरती पाहतो, मंग सांगतो. म्हणजे तपासा, मग माना. बायको ऐकते म्हणायची माझं.

प्रतिक्षाला कळवलं नाही. तिची परीक्षा आहे. (पुढच्या महिन्यात.)

२६ ऑगस्ट
डब्या संपून पाच दिवस झाले. माझं तोंड वाळत घातलेल्या मिरचीसारखं लाल. आग होते. कामिनीचं त्याहून वाईट. पुरळ आलंय, गॅससमोर उभं राहवत नाही. भाजी मी केली. ती जळाली.

अंगणवाडीतल्या एका चिमुरडीनं तिला विचारलं, बाई, तुमाले कोनं मारलं? कामिनी म्हणाली, कोनंच नाही, ऊन लागलं. हे मला तिनं भात वाढताना सांगितलं.

मी जन्मात तिच्यावर हात उचलला नाही. दिवसभर हेच स्वतःला सांगत होतो. उपयोग झाला नाही.

२८ ऑगस्ट
भंडारा. या वेळी दोघंही आत. मॅडमनी आमची तोंडं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. डबी मागितली. माझ्यासारखीच उलटी केली, बाजूंनी फिरवली. विचारलं, यात काय आहे, कुठं लिहिलंय? म्हणालो, काहीच लिहिलेलं नाही, म्हणूनच घेतली.

त्यांनी पेन खाली ठेवला.

म्हणाल्या, लक्षणं स्टेरॉइडची दिसतात. आधी उजळतं, बंद केलं की असं उसळतं. अशा डब्यांमध्ये कधी पारासुद्धा सापडतो. तपासणीशिवाय सांगता येत नाही. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही. सर, नाव लिहिलं नाही म्हणजे वस्तू आत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला?

बरं व्हायला काही महिने लागतील. मग विचारलं, मी दिलेली ट्यूब का बंद केली? कामिनी खिडकीबाहेर पाहत होती. ती सांगेल म्हणून मी थांबलो. मी सांगेन म्हणून ती थांबली. शेवटी ती म्हणाली, संपली होती.

तिनं माझ्यासाठी चौथं शील मोडलं.

मॅडमनी जळजळ कमी झाल्यावर लावायला तीच ट्यूब पुन्हा लिहून दिली. दोघांनाही. बिनरंगाची मिळेल का, मी विचारलं. म्हणाल्या, रंगच तर हवाय.

२९ ऑगस्ट
लाखनीत मिथुनच्या मेडिकलमध्ये गेलो. म्हणाला, सर, तुमच्या भाषनानंतर कोनी घेऊनच नाही राहिलं जी. होत्या तेवढ्या वापस पाठवल्या. व्हिडिओ आहे न माह्या मोबाईलमध्ये! लावू का? दुकानात चार गिऱ्हाइकं होती. कोनासाठी पाहिजे, त्यानं विचारलं. म्हणालो, अभ्यासासाठी.

शेवटी प्रतिक्षाला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, दोन ट्यूब आणतो. आईले फोन द्या.

ठराव: ७ सप्टेंबरला कबुली.

७ सप्टेंबर, रविवार
साकोलीहून पाहुणे आले होते. पाहुण्यांसमोर घरगुती विषय बरा दिसत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
घसा.

२१ सप्टेंबर, रविवार
कामिनी म्हणाली, प्रतिक्षाचे बाबा, भाषन नका देऊ. दोनच वाक्यं सांगा. ते क्रीम चांगलं होतं, अन् मी न वाचता बोललो. बस. लीलाबाईची सून वांगासाठी तेच लावे, तुमचं ऐकून तिनं फेकून देलं. तिले माहीत त झालं पाहिजे.

म्हणजे एक घर नव्हतं, दोन होती. निदान दोन.

दोन वाक्यं! लगेच लिहायला बसलो.

२७ सप्टेंबर
कबुलीचा मसुदा अकरा पानं झाला. वसाहतवाद, जात आणि कातडी, बाजारपेठेचं कारस्थान. माझा उल्लेख नवव्या पानावर येतो. कामिनीला वाचून दाखवला. चौथ्या पानावर ती तांदूळ निवडायला गेली.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४
समारोप. सकाळी पांढरा सदरा घातला, ट्यूब लावली. जरा जास्तच लावली. लाली झाकायची होती आणि फ्लेक्सवरच्या फोटोशी तोंड जुळायला हवं होतं.

पन्नास मिनिटं बोललो. बेनामी डब्यांच्या चिंधड्या उडवल्या. आयर्न ऑक्साइडची महती सांगितली. मग आवाज खाली आणून म्हणालो, आपल्यातल्याच एका सुशिक्षित गृहस्थानं न वाचता एका चांगल्या औषधाची बदनामी केली. आता 'तो मी' म्हणायचं होतं. तेवढ्यात पुंडलिकराव ताडकन उठले. सर, कोन आहे तो? नाव सांगा त्याचं! सगळा विहार माझ्याकडे पाहत होता.

मी म्हणालो, नाव महत्त्वाचं नाही, प्रवृत्ती महत्त्वाची.

पूर्ण वर्षावासात एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

मग खीरदान. खिरीच्या गंजाशी, त्या मोठ्या पातेल्याशी, कामिनी आणि लीलाबाई बसल्या होत्या. मी वाटी घेऊन रांगेत. उकडत होतं, मान पुसत होतो. लीलाबाईंचा पळा हवेतच थांबला. म्हणाल्या, सर, कॉलरले काय लागलं जी? पांढऱ्या कॉलरवर बोटभर रुंद पट्टा. माझ्याच रंगाचा.

कामिनीनं मान वर केली नाही. खीर ढवळत म्हणाली, गंज आहे.

आधी पुंडलिकरावांना कळलं. त्यांनी नजर खाली घातली. ते हसले असते तर बरं झालं असतं.

मग कामिनीनं लीलाबाईच्या सुनेला जवळ बोलावलं आणि ती दोन वाक्यं सांगितली. अर्धं मिनिटही लागलं नाही. सुनेनं फेकलेल्या ट्यूबचं नाव पुन्हा विचारलं, मोबाईलमध्ये टिपून घेतलं. बायकांनी एकेक करून कामिनीचा गाल पाहिला. मला कोणी काही विचारलं नाही. वाटीत खीर पडली, इतरांच्या एवढीच.

घरी येऊन कॉलर दोनदा घासली. डाग पुसट झालाय, गेला नाही.

सकाळी चौथं शील मी खोकल्याशिवाय म्हटलं होतं. सगळ्यांत मोठ्यानं.