मलेतुले नावाचा दरवान

प्रिय चंदू,

आंबागडहून बाबाचा आशीर्वाद. फोन हातात असताना हा माणूस पत्र कशाला लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. गेले काही आठवडे तू जितक्या वेळा फोन केलास, तितक्या वेळा आईला द्या म्हणालास, आणि दर वेळी मी सांगितलं की तिचा घसा बसलाय. तिचा घसा ठणठणीत आहे. काल सकाळीच धानाच्या बांधीच्या या धुऱ्यावरून तिनं पलीकडच्या गोदावरीबाईला अशी हाक मारली की बगळे उडाले. ती फक्त तुझ्याशी बोलत नाही, आणि त्याला कारण मी आहे. हे तोंडानं सांगायची मला लाज वाटते, म्हणून कागद घेतला. लिहायला बसलं की शाळेतली भाषा येते आणि तिच्या आड माणसाला थोडं लपता येतं.

मागच्या उन्हाळ्यात तू घरी आलास, तेव्हा तुझा तो खेळ मला पहिल्यांदा नीट समजला. त्याआधी मी गावात सांगायचो की पोरगा पुण्यात कंपनीत आहे आणि रविवारी मित्रांसोबत फासे खेळतो; ऐकणारे माझ्याकडे दयेनं बघायचे. मग तू ओसरीत बसून समजावलंस. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एकानं गोष्ट पुढे न्यायची, आणि कोणाचं साधलं, कोणाचं फसलं ते फाशांनी ठरवायचं. मी म्हटलं, ही तर आपली दंडारच झाली, फक्त ढोलकी नाही आणि नाचायचं सोडून सगळे बसून आहेत. तू हसलास. गोष्ट पुढे नेणारा तूच असतोस हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. मी दंडारीत कितीतरी वर्षं नकल्याचं काम केलं, लोकांना हसवलं. ते आता गावात कोणाला आठवत नाही, पण रक्तात काहीतरी उतरलं म्हणायचं.

तू सांगितलंस की आधी नुसत्या तोंडानं गोष्ट सांगायचास, तेव्हा गुहेचं तोंड एकाला डावीकडे दिसायचं, दुसऱ्याला उजवीकडे, आणि अर्धा वेळ भांडणात जायचा. मग तू टॅबलेटवर चित्रं काढायला लागलास. आपला किल्ला, त्याचे बुरूज, खालचं सागाचं रान, सगळं धुक्यात बुडवून काढलं होतंस. इतकी वर्षं त्या किल्ल्याखाली राहतो, पण तो इतका भारी दिसतो हे मला तुझ्या त्या काचेवर कळलं. टीव्ही टेबलावर आडवा टाकायचा, त्यावर नकाशा लावायचा, आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले चेहरे त्यावरून सरकवायचे, असं तू करून दाखवलंस. तुझी आई कणीक मळता मळता उठून आली आणि त्या नकाशात आपली पाण्याची बोडी कुठे ते शोधत बसली.

तेव्हा तू मला एक गोष्ट विचारली होतीस. चित्र दाखवलं की पोरं चित्रच बघत राहतात, माझं ऐकत नाहीत, काय करू? मी सांगितलं, पडदा आधी सोडायचा नाही. आमच्याकडे जंगलाचा एक पडदा होता, रंग उडालेला, वाघाचा एक पाय साफ गेलेला. पण पडद्याआधी मी नुसत्या बोलण्यानं वाघ आणायचो. लोक आपापला वाघ मनात तयार करून बसायचे, मग पडदा उघडला की तीन पायांचा वाघही चालून जायचा. तू ते लिहून घेतलंस. बापाचं काही लिहून घ्यावं असं तुला वाटलं, ह्या आनंदात मी आठ दिवस हवेत होतो, आई साक्षीला आहे.

मग तू मला बोडीच्या काठावर नेलंस, डोक्याला दुपट्टा बांधायला लावलास आणि फोटो काढलेस. घाबरा, बाबा. आता संशयानं बघा. आता कोणीतरी शिव्या दिल्यासारखं तोंड करा. मी जीव ओतून तोंडं केली. पावसाळ्यात तू चित्र पाठवलंस: माझाच चेहरा, नाक जरा लांब, कान जरा टोकदार, हातात कंदील, मागे किल्ल्याचा दरवाजा. खाली लिहिलं होतंस, 'बाबा, तुमचं पात्र!' मी विचारलं, "कोन होय हा?" तू म्हणालास, महत्त्वाचा माणूस आहे, त्याच्याशी बोलल्याशिवाय कोणालाही किल्ल्यात जाता येत नाही. मी समजलो, किल्लेदार असेल. कान टोकदार का, हे विचारायची बुद्धी झाली नाही. आपला चेहरा इतका सुंदर रंगवलेला बघितल्यावर माणूस कानाकडे कशाला बघतो?

आता पुढचं तुला माहीत नाही. मी तुझ्या नकळत त्या चित्राचा फ्लेक्स करून घेतला. तुझा शाळेतला मनिष, ज्याचं तुमसरला फ्लेक्सचं दुकान आहे, त्यानं हौसेनं केला. वर मोठ्या अक्षरांत 'आपल्या गावचे चित्रकार चि. चंद्रकुमार यांचे हार्दिक अभिनंदन', मध्ये तुझ्या चित्रातला मी, कोपऱ्यात तुझा पासपोर्टचा फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत नाव घालायला लोक मागे लागले होते, वासुदेवराव तर दोनदा येऊन गेले. भाऊबीजेनंतरच्या मंडईच्या जत्रेत तो दंडारीच्या मांडवासमोर लावला. पाळण्यात बसलेली पोरंही वरून मला हात करत होती. दुपारभर मी त्याच्याखाली असा उभा होतो की जसं काही मी सहज तिथून चाललो होतो.

मनिषच्या डोक्यात आलं की खेळही ऐकवावा. तुमच्या एका रविवारचं रेकॉर्डिंग तुझ्या मित्रांनी यूट्यूबवर टाकलंय, ते त्यानं शोधलं आणि मांडवातल्या भोंग्याला मोबाइल जोडला. तुमची माणसं किल्ल्याच्या दरवाज्याशी आली, आणि तू पडदा सोडायच्या आधी अगदी मी सांगितलं तसा थांबलास. मी शेजारच्याला कोपरानं ढोसलं. मग दरवानाच्या सोंगात तुझा आवाज आला, "तुमी कोन व्हा? काहून आले? काहून आले मनतो?" सगळा मांडव हसला. चांगलं हसला, चंदू. आपली बोली भोंग्यावर ऐकायची सवय कोणाला आहे? गोदावरीबाई ओरडल्या, "हे त रुखमिणी होय! बाप्पा, रुखमिणीच बोलून राहिली!" चेहरा माझा होता, पण बोलणं तुझ्या आईचं होतं, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची तिची खोड तू जशीच्या तशी उचलली होतीस. तुझी आई पदर तोंडाला लावून इतकी हसत होती की तिला खाली बसावं लागलं.

तुमच्याकडचे पुण्याचे लोकही हसत होते. तो सारखा 'मले', 'तुले' म्हणतो म्हणून दरवानाचं नाव त्यांनी मलेतुले ठेवलं होतं. तो दरवान गॉब्लिन आहे, आणि गॉब्लिन म्हणजे जंगलातला बुटका भित्रा प्राणी, हेही तेव्हाच कळलं. 'मलेतुलेला विचार', 'मलेतुलेला दोन फटके दे', असं चाललं होतं. मला ह्याचंही काही वाटलं नाही. नकल्याला लोक हसले नाहीत तर त्यानं घरी जावं. मग तुमच्यातल्या एका मुलीनं विचारलं, "कसली गोड भाषा आहे रे ही, कुठली?" आणि तू म्हणालास, "कुठलीच नाही. मी बनवलीये, गॉब्लिनांसाठी." ती म्हणाली, आणि हा चेहरा? तू म्हणालास, "तोही असाच सुचला."

मनिषनं घाईघाईनं मोबाइल काढला तर भोंगा किंचाळला. वासुदेवराव माझ्याकडे न बघता दुपट्टा नीट करत बसले, आणि मी माझ्याच चेहऱ्याच्या फ्लेक्सखाली उभा होतो. कुठे बघावं ते कळेना. दिवस मावळायच्या आत मी तो फ्लेक्स काढला. आता तो धानाच्या गंजीवर झाकायला घातलाय, रंगाची बाजू आत करून.

तुझा राग आला का? आला. पण तो दोन दिवसांत गेला, कारण तुझ्या आईनं तो टिकू दिला नाही. ती म्हणाली, "खेळ होय तो. खेळात खोटं बोलाच लागते. तुमी का दंडारीत राजा बनले होते तं खरंच राजा होते का?" तिच्या मनात काही नव्हतंच. लाज मात्र माझ्यात शिरून बसली. मंडईच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून 'मला बरं आहे, तुझी तब्येत कशी आहे' असं निघालं. तुझ्या लक्षात आलं असेल. तू हसलासही, बाबा आज रेडिओसारखे का बोलताय म्हणून. त्यानंतर प्रत्येक वेळी मी तसाच बोललो. बोलताना एकेक शब्द चाचपून बघायचो, आणि फोन ठेवला की घाम आलेला असायचा.

आता ते सांगतो, जे सांगायला हा कागद घेतला. त्याच आठवड्यात रविवारी तुझा फोन आला. तुझ्या मागे माणसांचे आवाज होते, फासे पडत होते, म्हणजे टेबल भरलेलं होतं. तुझ्या आईनं नेहमीसारखा फोन ओढला आणि अंगणातून किल्ल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली, "काय जेवला रे बापू? काय जेवला? काहून आवाज बारीक येऊन राहिला?" तिकडे कोणीतरी हसलं. कशाला हसलं देव जाणे, फासा चुकीचा पडला असेल. पण मला वाटलं, हिलाच हसले. मी तिच्या हातातून फोन हिसकावला आणि म्हणालो, "हळू बोल, नीट बोल. तिकडे शिकलेले लोक ऐकतात." गोदावरीबाई सूप मागायला आल्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणालो. आणि 'ऐकून राहिले' नाही, 'ऐकतात' म्हणालो. तिला हिणवताना सुद्धा मी शुद्ध बोललो, चंदू. तू तर परक्या लोकांसमोर फक्त एक-दोन वाक्यं खोटं बोललास. मी, जिच्यासोबत जन्म काढला, तिचं तोंड तिच्याच अंगणात बंद केलं.

ती भांडली असती तर सोपं होतं. ती गोदावरीबाईला सूप देऊन आत गेली. तेव्हापासून फोन वाजला की तिला गोठ्यात काम निघतं. बाकी सगळं चालू आहे. धान बांधून झालं, चुरणं-मळणी व्हायचंय, लाल गाय व्यायली, कालवड आहे. माझ्याशीही ती बोलते, भाजीत मीठ कमी आहे का विचारते. पण एकदाच विचारते. पूर्वी ती दोनदा विचारायची तेव्हा मला वैताग यायचा; आता दुसऱ्यांदा विचारेल म्हणून मी उगाच ताटावर बसून राहतो.

परवा मी हिंमत करून म्हटलं की चूक झाली, आता पोराशी बोल. ती सुपात सरव्याच्या, शेतात वेचून आणलेल्या लोंब्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याले इचारा, माह्या बोलन्याची लाज त्याले वाटते का तुमालेच वाटते." हा तिचा प्रश्न तुझ्यापर्यंत पोचवायला हे पत्र लिहिलंय. फोनवर मला तो विचारता आला नसता. मी तो सुद्धा शुद्ध करून विचारला असता. माझ्या वाट्याचं उत्तर मी तिला तिथंच दिलं. म्हटलं, "मले वाटली." त्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं, एवढंच. तुझ्या वाट्याचं उत्तर मला माहीत नाही, आणि तू ते मला कळवू नकोस. रविवारी फोन लाव. मी न बोलता तिच्या हातात देईन. तुझं टेबल भरलेलं असू दे, सगळे बसलेले असू देत, ती 'कुठली भाषा' विचारणारी मुलगी असू दे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तू तिला उत्तर दे, ज्या भाषेत तिनं विचारलंय त्याच भाषेत.

तुझाच,
बाबा