कुलपावरचा फोटो

आमच्या गृहमंत्र्यांना दंडवत,

मी धडधाकट आहे. हे आधी दोनदा वाच, मग पुढे जा.

वीजकेंद्रात गॅसच्या पाइपवर काम करायचं, तर आधी मागचे दोन व्हॉल्व्ह बंद करायचे, त्या दोघांमधली नळी हवेत उघडी ठेवायची, म्हणजे गळलेला गॅस बाहेर जातो, आणि दोन्ही व्हॉल्व्हना आपलं कुलूप घालायचं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. म्हणून तर मी कुलपाला आपल्या छकुलीचा फोटो लटकवला होता, 'माझे बाबा आत आहेत' असं लिहून.

काल मी पाइपात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. साहेबाला वीज सुरू करायची घाई. मी जेवायला गेलो असं स्वतःच ठरवून त्याने कटरने पहिलं कुलूप कापलं आणि व्हॉल्व्ह उघडला! हाक मारायला जीभ झडली होती का? गॅस मधल्या नळीतून किंचाळत वर गेला. दुसरं कुलूप शाबूत होतं, म्हणून हे पत्र लिहितोय.

वर मलाच म्हणतो, "एवढं काय झालं? दुसरं होतं ना!" तुटकं कुलूप त्याच्या टेबलावर आपटून आलो. नोकरीचं व्हायचं ते होवो.

तुझी पाठ कशी आहे? टाकीचा नळ गळतोय म्हणालीस, तर प्लंबरला बोलव. स्वतः पाना घेऊन चढू नकोस.

फोटो सोबत पाठवतोय. छकुलीच्या गालावर ग्रीस लागलंय, ते पूस. तिचं हसरं तोंड बघूनही त्या माणसाचा हात थांबला नाही. आता कुलपावर माझा फोटो लावणार. कापायचंच असेल, तर माझ्या डोळ्यांत बघून काप म्हणावं.

तुझा,
अजून दोन्ही हात असलेला नवरा