धम्मदीपची क्रेन

बेसा, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय पायल,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. थंडी पडली, सकाळी गुडघे कुरकुर करतात. पुण्याची हवा कशी आहे? तुझे फोन आलेले दिसले. उचलले नाहीत, रागावू नकोस.

सध्या संध्याकाळी बिल्डिंगमधली पोरं माझ्याकडे येतात. सायकलच्या व्हॉल ट्यूबचे, त्या बारीक रबरी नळीचे, तुकडे करायचे, त्यांत आगपेटीच्या काड्या खोचायच्या आणि घरं, पूल बांधायचे. ट्यूब आणायला इतवारीत गेले तर दुकानदार म्हणतो, "आजी, सायकल चालवून राहिल्या काय?" तळमजल्यावरची मिनल सगळ्यांत हुशार. अंधार पडला की आया हाका मारतात, पोरं भुर्रकन जातात. मग मी एकटीच बांधत बसते.

परवा काड्या संपल्या. मी चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात मिनलनं कपाटावरची क्रेन काढली. खराट्याच्या काड्या आणि असल्याच ट्यूबची, माझ्या धम्मदीपनं सहावीत केलेली. लग्न होऊन आलीस तेव्हा त्यानं तुला कौतुकानं दाखवली होती. बाहेर येऊन पाहते तर अर्धी सुटलेली.

"काहून हात लावला वं तिले?" मी ओरडले.

"तुम्ही तर तिच्याशी खेळतच नाही, आजी," एवढं बोलून पोर रडत गेली.

काल कुणीच आलं नाही. घर इतकं गप्प होतं की मी उगाच नळ सोडला. मग उरलेली क्रेन हातात घेतली. रबर कडक होऊन चिरलं होतं. कुणी हात लावत नव्हतं म्हणूनच ती उभी होती. मी स्वतःच तिच्या सगळ्या काड्या सोडवल्या आणि मिनलकडे गेले. "चल वं, तुझा पूल राहिला." त्यांच्याच घरात बसून आम्ही तो पुरा केला. तिच्या आईनं जेवायला वाढलं. धम्मदीप गेल्यापासून मी पहिल्यांदा चार माणसांत जेवले.

आता तुझ्या फोनचं. तुझं लग्न ठरतंय, हे यमुताईंनी, तुझ्या मावशीनं, मला आधीच सांगितलं होतं. म्हणूनच उचलत नव्हते. माझा मुलगा गेला तरी तू रोज फोन करत राहिलीस. लग्न झालं की तोही बंद होईल, एवढ्यालाच भ्याले.

लग्न कर, पायल. माझी परवानगी कशाला हवी तुले?

तुझी आई आज नाही. मंडपात तुझ्याकडून मी उभी राहू का? मुलाकडच्या मंडळींना विचार. ते नाही म्हणाले तर मला वाईट वाटेल, पण खरं तेच कळव.

तू मानलंस तर,
तुझी आई
कांता