एनारदादाची गाडी कोरडी झाली

पेल्टोला लँडिंग, ऑरेगन
१९ जून

आदरणीय एनारदादास,

धाकट्या आयलीचा मनापासून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? अ‍ॅरिझोनाच्या उन्हात ते कुरकुरायचे थांबले असं तू फोनवर म्हणालास, ऐकून बरं वाटलं. आमच्या घरातले चारही गुडघे (माझे दोन, लायलचे दोन) पाऊस यायच्या आदल्या दिवशी ठणकतात, म्हणजे रोजच ठणकतात. बाकी माझा नवरा खातो-पितो, झोपतो, आणि पुढे जे सांगणार आहे त्यात त्याचा दोष निम्माच आहे, हे आधीच सांगून ठेवते.

तर दादा, तुझ्या गाडीबद्दल. ऑक्टोबरात अ‍ॅरिझोनाला निघताना किल्ली माझ्या हातात देऊन तू म्हणाला होतास, "आयली, हिला जप." मी जपली. पाऊस लागू नये म्हणून मागच्या अंगणातल्या मोठ्या सूचिपर्णी फर वृक्षाखाली नेऊन उभी केली. (आपल्या आईनं आपल्याला हेच शिकवलं ना, पाऊस आला की झाडाखाली जा म्हणून.) दर रविवारी तू विचारायचास, "गाडी कशी आहे?" आणि मी खिडकीतूनच बघून सांगायचे, "ठणठणीत कोरडी." मे महिन्यात म्हटलं, जरा हवा लागू दे, आणि दार उघडलं. दादा, तू खुर्चीवर बसून वाचतोयस ना? मागच्या सीटपुढे घोट्याएवढं पाणी होतं आणि गालिच्यावर तीन अळंब्या उगवल्या होत्या. लायलनं वाकून बघितलं आणि खाण्याजोग्या आहेत का, असं विचारलं. तेव्हा मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

कुणाला विचारायचं नाही, हा आपल्या घराण्याचा बाणा तुला ठाऊक आहेच. लायलनं कुठेतरी वाचलं, की अशा उघडणाऱ्या कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या दोन भोकांतून नळीवाटे खाली रस्त्यावर जातं, आणि ती भोकं तुंबली की ते गाडीत मुक्कामाला येतं. झाडाच्या सुईसारख्या पानांनी ती गच्च भरली होती. इथवर त्याचं बरोबर होतं. मग त्यानं टायरमध्ये हवा भरायचं यंत्र आणलं, तोंड भोकाला लावलं आणि सगळा जोर सोडला. आत कुठेतरी फट्‌ असा आवाज झाला. "सुटली!" असं तो आनंदानं ओरडला. सुटली होती खरी, पण घाण नव्हे, नळी. आता आधी जे पाणी थेंबाथेंबानं यायचं ते धारेनं यायला लागलं.

गालिचा आम्ही सौनात, घामाच्या त्या गरम खोलीत, वाळवला. वरच्या फळीवर गालिचा, खालच्या फळीवर लायल, आणि मी तापलेल्या दगडांवर पाणी ओतणारी. (पाणी ओतायचं नसतं हे मला नंतर कळलं. सौनात शिरलं की हात आपोआप पाण्याच्या बादलीकडे जातो, त्याला मी काय करू?) गालिचा होता त्याहून ओला झाला आणि लायलला मात्र फार हुशारी वाटली. त्या संध्याकाळी मी पायरीवर बसून रडले. गाडीसाठी नव्हे रे. तू माझ्यावर विश्वास टाकलास आणि मी सात महिने तुझ्याशी खोटं बोलले, म्हणून.

आणि तेव्हा रस्ता ओलांडून वर्ना क्विस्ट आली. होय, तीच. अडतीस वर्षं शाळेची बस चालवणारी आणि ती स्वतःच दुरुस्त करणारी आपली समोरची वर्ना. ही गाडी तू घेतलीस तेव्हा चर्चच्या कॉफीला सगळ्यांदेखत म्हणाली होती, "एनार, या गावात उघड्या छताची गाडी? त्यापेक्षा बाथटबला चाकं लावायचीस!" तू कप खाली ठेवलास आणि सात वर्षं तिच्याशी बोलला नाहीस. मला वाटलं, आता ही टोमणा मारणार. तिनं गाडीत डोकावून पाहिलं आणि इतकंच म्हणाली, "लायल, तुझं ते यंत्र घेऊन लांब उभा राहा. आणखी लांब. हां, तिथे."

मग तिनं गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी मागितली. सीट पुढे ओढून, खांद्यापर्यंत हात आत घालून, आधी निसटलेली नळी जागेवर बसवली. मग ती दोरी भोकातून हळूहळू, न रेटता, फिरवत फिरवत खाली सोडली. "जोर नाही लावायचा, आयली. वाट तीच शोधते." शेवटी मागच्या चाकापुढे काळा चिखल बदकन पडला आणि मागोमाग स्वच्छ पाणी आलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. तीन दिवस ती येत राहिली, पंखे लावले, गालिचा उन्हात (होतं तेवढ्या) पालटत राहिली. पैशांचं नाव काढलं तर रागावली. दादा, मी तिचे उपकार कसे फेडू मला कळत नाही. तुझी गाडी आज खरोखर कोरडी आहे, आणि ते मी आत बसून लिहिते आहे.

तुझी अपराधी पण आता सुखी बहीण,
आयली

ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीची मार्शल, म्हणजे सर्वांत पुढे बसायचा मान असलेली, यंदा वर्ना आहे. मार्शल उघड्या गाडीत, मागे उंचावर बसते, आणि गावात तशी गाडी तुझी एकटीच. पण ती म्हणते, "गाडी त्याची. त्यानं बोलावलं तर बसेन, नाहीतर मासळीच्या ट्रकवर बसेन." तू ये, दादा. गाडी तूच चालव.

ता. क. २. छत आता उघडतं, पण बंद होत नाही. हा दोष पूर्ण लायलचा.

ता. क. ३. एनार, पत्र पेटीत टाकायला आयलीनं माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवलं नाही. ती कधीच काही विसरत नाही, तेव्हा मी वाचलं. लोकांपुढे तुला हसले ते चुकलंच. मार्शलनं मागे बसायचं असतं, ठाऊक आहे. बसमध्ये अडतीस वर्षं मी पुढे एकटीच बसले. यंदा तुझ्या शेजारी बसेन. वर्ना.