हेल्मेटमधला सेंट

सोमवार, ४
सेंटची बाटली आली! एकच. माल अजून बाजारात यायचाय, जाहिरातीची कल्पना आम्ही काढायची. मॅडमनी कागदाच्या पट्ट्यांवर फवारून सगळ्यांना हुंगायला दिलं. स्वतः डोळे मिटून म्हणाल्या, "चंदन... आणि धिटाई." कविराज — आमचे सीनियर, साबणाच्या जाहिरातीतही संध्याकाळ घालतात — म्हणाले, "हुरहूर!" माझं नाक सर्दीने गच्च. रॉकेल दिलं असतं तरी कळलं नसतं. तरी मान डोलावली. "अप्रतिम!" बारावी नापास माणसाने निदान मान तरी डोलवावी.

तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलंय मला. दोन आठवडे उरलेत. या सेंटचं काही सुचलं तर पक्की. नाहीतर मावशीच्या झेरॉक्सच्या दुकानात स्टूल माझी वाट बघतंच आहे.

मंगळवार, ५
काही सुचलं नाही. म्हणून उद्योग केला. कविराजांच्या हेल्मेटमध्ये दोन फवारे मारायला गेले — दोनच, आईशप्पथ! झाकण निसटलं. अख्खी बाटली आत! अस्तराने एका घोटात पिऊन टाकली. पळत बाथरूममध्ये गेले, नळाचं पाणी भरलं. दिसायला अगदी तसंच. सुटले!

घरी जाताना कविराज ओरडले, "डोकं भिजलं! छत गळतंय का?" मी छताकडे बघत राहिले. फार मन लावून.

बुधवार, ६
मॅडमनी पुन्हा पट्ट्या वाटल्या. माझं नळाचं पाणी! म्हणतात कशा, "आज जास्त खुललाय, नाही?" सगळे हो हो. एवढी शिकलेली माणसं! बाथरूममध्ये जाऊन पोट दुखेपर्यंत हसले.

शुक्रवार, ८
हसणं अंगाशी आलं. कविराज चुरगळलेल्या शर्टात आले. चहाच्या वेळी सगळं बोलून गेले. वहिनी मुलीला घेऊन माहेरी गेल्या. यांच्या केसांना, कॉलरला गुलाबाचा वास! वहिनी म्हणाल्या, "कोण आहे ती?" हे म्हणाले, "अगं, कुणी नाही!" त्या म्हणाल्या, "मग कुणी नाहीचा वास कसा येतो?"

माणसाचा संसार मोडला मी. दोन फवाऱ्यांत!

शनिवार, ९
सांगायचं ठरवलं. सांगितलं नाही. सांगितलं तर माझी नोकरी जाते, नाही सांगितलं तर त्यांचं घर. दिवसभर कुणी न सांगता कपडे वाळत घातले, भांडी लावली. आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

रविवार, १०
गेले वहिनींच्या माहेरी. दारातच सगळं ओकले — बाटली, झाकण, नळ. वहिनी हसायला लागल्या, हसता हसता रडायला. "अगं कार्टे! चार दिवस धड जेवले नाही मी!" पाठीत एक धपाटा घातला. मग पाणी दिलं. छोटीचं दप्तर भरायला मीच मदत केली. संध्याकाळच्या आत दोघी घरी!

सोमवार, ११
कविराज आता कानाखाली काढणार म्हणून गाल तयार ठेवून गेले. तर त्यांनी दोन्ही हात धरले! "तू माझा संसार वाचवलास गं." कोल्ड कॉफी पाजली. रागाचा एक शब्द नाही! वर म्हणाले, "मॅडमना कळू द्यायचं नाही. आपल्या दोघांतच राहू दे." देवमाणूस! मी असते तर तेच हेल्मेट माझ्या टाळक्यात घातलं असतं.

आणि कॉफी पिता पिता सुचलं!

गुरुवार, १४
मॅडमना करून दाखवलं. नवरा घरी येतो. बायको त्याचं हेल्मेट हुंगते, कमरेवर हात. "कोण आहे ती?" तो पाठीमागून बाटली काढतो, तिच्या हातात देतो. "तूच." बस्स.

मॅडम खुर्चीतून उठल्या! "हे सुचलं कसं तुला?" मी म्हटलं, "अनुभव." कविराजांना ठसका लागला. शनिवारी सेंटवाले काका येणार, त्यांनी हो म्हटलं की मी पक्की. आईला सांगितलं. म्हणाली, "तुझ्या उचापतींना पगार देतात? देव त्यांचं भलं करो."

शनिवार, १६
काकांना फार आवडलं. पक्की झाले!

मग त्यांनी पिशवीतून नवी बाटली काढली. "हा खरा माल, कालच तयार झाला. आधीची नुसती आकार बघायला दिली होती. आत पाणीच होतं."

मॅडम खोकल्या. "हो हो, वाटलंच आम्हाला."

काकांनी फवारा मारला. सर्दी गेलीय माझी. लिंबाचा वास. गुलाबाचा मागमूस नाही. तसाही हेल्मेटमध्ये हा नव्हताच. पाणी होतं.

कविराजांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. फार मन लावून.

आत्ता वहिनींचा मेसेज आलाय. "उद्या जेवायला ये गं. तुझ्यामुळे घर उभं आहे."