पाण्याकडे पाठ

काराकोल, १४ जून

तीर्थरूप अतांस,
सुनेचा सा. न. वि. वि.

परवा तलावात बुडालेला सहा वर्षांचा एलामान अजून दवाखान्यात बेशुद्धच आहे. श्वास चालू आहे, एवढंच.

सोमवारी चौकशी आहे. आमचे साहेब म्हणतात, खोल बाजूला पहाऱ्याला मीरिम होती असं लिही, नवीन पोरगी आहे, तिला काढलं की मिटलं. अहो, ती उथळ बाजूला होती! तिथून धावत येऊन तिनेच त्याला वर काढलं. खोल बाजू माझी होती, जीवरक्षकांची प्रमुखही मीच.

त्या वेळी तुम्ही घोडीच्या आंबट दुधाची, कुमीसची बाटली घेऊन बाकावर येऊन बसलात. सासऱ्याकडे पाठ कशी करायची? मी वाकले, ख्यालीखुशाली विचारत तशीच उभी राहिले, आणि पाठ पाण्याकडे झाली. हे सगळं मी सांगणार आहे. तुमचं नाव येईल. परवानगी मागत नाही, आधी कानावर घालते आहे. पत्र गाडीवाल्याच्या हाती देते.

रागवा हवं तर, पण मायेला अंतर देऊ नका.

आपली,
नुरझदा


तेरेक-बुलाक, १५ जून

चि. नुरझदा हिस अ. उ. आ.

डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? तीस वर्षं गावातले तंटे मी मिटवतो. आता लोकांनी म्हणायचं, म्हाताऱ्याच्या मानापायी लेकरू बुडालं? शिट्टीची दोरी गुंतली होती म्हणून सांग, असं लिहायला बसलो होतो. तुझी सासू म्हणाली, जरा लाज वाटू द्या, आणि चहाचा समोवार उचलून आत गेली.

खरं सांगू का, पोरी? तुझी पाठ पाण्याकडे होती, माझं तर तोंड होतं. मला त्याचा हात दिसला. दोनदा वर आला. खेळत असेल म्हटलं. तू माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होतीस, ती मला गोड लागत होती. मी बोललो नाही.

हे तुला ठाऊक नाही, म्हणून मीच येतो सांगायला. तोवर जबाबावर सही करू नकोस.

आशीर्वाद आहेतच.

तुझे,
अता


काराकोल, १९ जून

तीर्थरूप अतांस,
सा. न. वि. वि.

चौकशी संपताच तुम्ही परतीची गाडी धरलीत, बोलणंच झालं नाही. साहेब पुन्हा मीरिमचं नाव घ्यायला लागले, तेव्हा तुम्ही कोणी न विचारता उठलात. ओळखीपाळखीची इतकी माणसं समोर, आणि तुम्ही टोपी काढून सांगितलंत, सुनेला दिसलं नाही, मला दिसलं होतं. मला रडू आवरेना.

मीरिमची नोकरी राहिली. मला वर्षभर काठावर उभं राहायची बंदी. रास्त आहे.

एलामानने आज सकाळी डोळे उघडले, आईला ओळखलं! दवाखान्यात त्या माउलीने मीरिमला मिठीच मारली. मला मात्र दारातच म्हणाली, तुझं तोंड बघायचं नाही मला. तिचं काय चुकलं? मी वळले. पण वळता वळता दिसलं, पोरगं हट्टाने औषधाचा चमचा ढकलत होतं. जिवंत आहे, अता!

आमच्यावर जीव आहेच तुमचा, थोडा त्या लेकरावरही असू द्या.

आपली,
नुरझदा